विळ्यासारखा परजीवी फ्लास्कमध्ये कसा पिकतो?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात हिवतापाच्या परजीवीविषयी लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेले होते: त्यातल्या फाल्सिपेरम या जातीच्या लैंगिक अवस्था, म्हणजे गॅमेटोसाइट, प्रयोगशाळेत वाढवता येतात. त्यावर गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि मेळघाटातून पत्रे आली. त्यातली काही थेट कामाच्या अडचणींची होती, त्यांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : गावातल्या एका माणसाला पीएफ (फाल्सिपेरम हिवताप) निघाला. गोळ्यांचा पूर्ण कोर्स माझ्यासमोर घेतला, तिसऱ्या दिवशी ताप गेला. दहा दिवसांनी पुन्हा काचपट्टी पाठवली तर अहवालात ‘गॅमेटोसाइट’ आले. औषध लागू पडले नाही का? घरचे घाबरले आहेत, जरा समजावून सांगा जी. (आशा कार्यकर्ती, एटापल्ली तालुका)

उत्तर : औषध लागू पडले आहे, घरच्यांना आधी तेच सांगा. ताप येतो तो तांबड्या पेशींत वाढून साधारण ४८ तासांनी त्या फोडणाऱ्या अलैंगिक अवस्थांमुळे. गोळ्यांनी त्या मेल्या म्हणून ताप उतरला. गॅमेटोसाइट ताप आणत नाहीत आणि माणसाच्या रक्तात त्यांची संख्याही वाढत नाही. त्यांना पुढे एकच वाट असते, डासाच्या पोटात जाण्याची.

फाल्सिपेरमच्या गॅमेटोसाइटला पिकायला १० ते १२ दिवस लागतात. त्यातले बहुतेक दिवस तो अस्थिमज्जेत दडून बसतो आणि पूर्ण पिकल्यावरच बोटाच्या रक्तात उतरतो. म्हणजे दहाव्या दिवशी जे दिसले ते तापाच्या दिवसांतच, बहुधा पहिली गोळी पोटात जाण्याच्या सुमारास, बनायला लागले होते. आर्टेमिसिनिन गटातली औषधे कोवळे गॅमेटोसाइट मारतात. पिकलेल्यांवर त्यांचा जोर फारसा चालत नाही. त्यासाठीच उपचाराच्या दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस असतो, वजनाच्या दर किलोला ०.७५ मिलिग्रॅम, म्हणजे प्रौढाला ४५ मिलिग्रॅम. तो दिला गेला होता का, हे कार्डावर बघा. राहिला असेल तर मनाने देऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. गरोदर बाईला आणि एक वर्षाखालच्या बाळाला तो देत नाहीत. जी-६-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या माणसात त्याने तांबड्या पेशी फुटू शकतात. डोसनंतर लघवी गडद काळसर झाली, धाप लागली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

डोस दिलेला असूनही काही दिवस काचपट्टीवर गॅमेटोसाइट दिसू शकतात. डासाला लागण करण्याची त्यांची ताकद आधी जाते, रक्तातून ते नंतर नाहीसे होतात. तोपर्यंत मात्र माणूस मच्छरदाणीतच झोपला पाहिजे. रोवणीच्या दिवसांत शेतातल्या खोपीत मुक्काम असेल तर तिथेही.

आणखी एक, उपचारानंतर लगेच रॅपिड किटवर पुन्हा तपासू नका. किट पीएफचे जे प्रथिन ओळखते ते परजीवी मेल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त काळ रक्तात राहते. पुन्हा ताप आला तर काचपट्टीच घ्या.

प्रश्न : एकाच परजीवीची पिल्ले, मग त्यातली काही लैंगिक आणि बाकीची अलैंगिक कशी होतात? हे कोण ठरवते? (विज्ञान शिक्षक, कुरखेडा)

उत्तर : निर्णय एक फेरी आधी होतो. तांबड्या पेशीत परजीवी वाढून त्याचा स्किझॉंट होतो आणि त्यातून मेरोझोइट बाहेर पडतात. एखाद्या स्किझॉंटमध्ये लैंगिकतेचा निर्णय झाला असेल तर त्याचे सगळे मेरोझोइट नवीन पेशीत शिरून गॅमेटोसाइटच होतात. ही नेहमीची वाट. शिरल्यावर त्याच फेरीत वळणारे परजीवीही आढळले आहेत. एका फेरीत असे वळणाऱ्यांचे प्रमाण सहसा १० टक्क्यांच्या आतच असते.

या निर्णयाची कळ म्हणजे एपी२-जी हे प्रथिन. त्याचा शोध २०१४ मध्ये लागला. एरवी त्याच्या जनुकावर एचपी१ नावाचे प्रथिन बसलेले असते आणि जनुक बंद राहते. जीडीव्ही१ हे दुसरे प्रथिन एचपी१ ला तिथून हटवते, की एपी२-जी तयार होऊन पुढची जनुकांची साखळी सुरू होते. बाहेरच्या परिस्थितीचाही यात हात आहे. रक्तद्रवात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, परजीवी त्यातून स्वतःची आवरणे बांधतो. तो कमी पडला की गॅमेटोसाइट बनण्याचे प्रमाण वाढते, असे २०१७ मध्ये दाखवले गेले.

पुढे पाच अवस्था. पहिली गोलसर असते, साध्या ट्रोफोझोइटपासून (वाढत्या अलैंगिक अवस्थेपासून) गिम्सा रंगात वेगळी ओळखू येत नाही. दुसरीत एक बाजू सरळ होऊ लागते, तिसरीत इंग्रजी डी अक्षरासारखा आकार येतो, चौथी लांब आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार, पाचवीत टोके गोल होऊन विळ्याची वाक येते. तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत आवरणाखाली सूक्ष्मनलिकांचा सांगाडा असल्यामुळे पेशी ताठ असते. पाचवीत हा सांगाडा सुटतो, पेशी लवचिक होते आणि अस्थिमज्जेतून निसटून रक्तात फिरू शकते.

प्रश्न : मी नागपूरला एम.एस्सी.चा प्रकल्प करते. ३डी७ (फाल्सिपेरमचे प्रयोगशाळेतले वाण) चे कल्चर छान चालते, रिंग (कोवळ्या अलैंगिक अवस्था) भरपूर दिसतात. पण गॅमेटोसाइट येतच नाहीत, आले तर दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत अडकून मरतात. हातात असलेली कृती फार त्रोटक आहे. नेमके काय करावे? (विद्यार्थिनी, मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : तुमच्या या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. मुळीच येत नसतील तर पहिला संशय बियाण्यावर घ्या. परजीवी महिनोन्‌महिने फ्लास्कमध्ये अलैंगिक पद्धतीनेच वाढत राहिला की गॅमेटोसाइट बनवण्याची क्षमता गमावतो. गॅमेटोसाइट झालेल्याची वाढ तिथेच थांबते, त्यामुळे जो बनवत नाही त्याचीच संख्या दर फेरीत पुढे जाते. नवव्या गुणसूत्राचे टोक तुटून जीडीव्ही१ जनुकच गळालेले, किंवा एपी२-जी बिघडलेले वाण याच रीतीने मिळाले आहेत. अशा वाणाला कितीही चांगले सिरम दिले तरी काही उपयोग नाही. एनएफ५४ किंवा त्यापासून वेगळे काढलेले ३डी७, कमीत कमी वेळा वाढवलेले, द्रव नायट्रोजनमध्ये साठवून ठेवा आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी चालू कल्चर टाकून नवीन व्हायल उघडा.

व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात वितळवा. दर १ मिलिलिटर रक्ताला १२ टक्के मिठाच्या द्रावणाचे ०.२ मिलिलिटर थेंबाथेंबाने, नळी हलवत घाला आणि पाच मिनिटे थांबा. मग १.६ टक्क्यांचे १० मिलिलिटर सावकाश. सेंट्रिफ्यूज करून वरचे पाणी काढा आणि शेवटी ०.९ टक्के मीठ व ०.२ टक्के ग्लुकोजचे द्रावण तसेच सावकाश घाला. घाई केली की पेशी फुटतात आणि वरचे पाणी लालभडक दिसते. तसे दिसले तर दुसरी व्हायल घ्या.

मीडियम एक लिटरसाठी असे: एल-ग्लुटामिन असलेली आरपीएमआय १६४० पावडर १०.४ ग्रॅम, हेपीस ५.९४ ग्रॅम, हायपोझँथिन ५० मिलिग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट २ ग्रॅम. पीएच ७.२ ते ७.४ च्या मधे आणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. हायपोझँथिन पाण्यात सहज विरघळत नाही, तळाशी पांढरी भुकटी राहिली असेल तर गाळताना ती फिल्टरवरच अडकते आणि परजीवीला मिळत नाही. वापरताना १० टक्के मानवी सिरम घाला. सिरम एबी गटाचे, शक्यतो अनेक दात्यांचे एकत्र केलेले असावे आणि नवीन लॉट आला की जुन्या लॉटशेजारी लहान फ्लास्कमध्ये तपासूनच वापरावा. सिरमऐवजी अल्ब्युमॅक्स (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनचे तयार उत्पादन) चालते, गॅमेटोसाइट दिसतातही, पण ते डासांना पाजायचे असतील तर आम्ही सिरमच घेण्याचा सल्ला देऊ.

रक्त ओ गटाचे, शक्यतो आठवड्याभरातले. रक्तपेढीत ते ३५ दिवस चालते म्हणून इथेही चालेल असे नाही. या फ्लास्कमध्ये तेच रक्त आणखी दोन आठवडे टिकायचे असते. पांढऱ्या पेशींचा थर काढून तीनदा धुऊन घ्या.

आता मुख्य मांडणी. चालू कल्चरमध्ये साधारण ३.५ टक्के पेशींत परजीवी आहेत आणि बहुतेक रिंग आहेत असे धरा. त्यातल्या ०.१ मिलिलिटर घट्ट पेशींत ०.५ मिलिलिटर ताज्या धुतलेल्या पेशी मिसळा आणि ९.४ मिलिलिटर मीडियम घाला. २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर झाले: हिमॅटोक्रिट (पेशींचे आकारमानातले प्रमाण) ६ टक्के, परजीवी सुमारे ०.६ टक्के. ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ९० टक्के नायट्रोजन हे मिश्रण मिनिटभर सोडून झाकण घट्ट लावा आणि ३७ अंशांवर आडवे ठेवा. हा शून्य दिवस. इथून पुढे नवीन रक्त घालायचे नाही, फक्त रोज वरचे सात-आठ मिलिलिटर मीडियम बदलायचे. तळाचा पेशींचा थर हलता कामा नये.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी परजीवी ५ टक्क्यांच्या पुढे जातात आणि मीडियम पिवळसर पडू लागते, म्हणजे आम्लता वाढली. तेव्हा एकूण मीडियम १५ मिलिलिटर करा किंवा दिवसातून दोनदा बदला. त्यानंतर अलैंगिक परजीवी कोसळतात. काचपट्टीवर काळे, आक्रसलेले ठिपके आणि कचराच दिसतो. नवखे विद्यार्थी नेमके इथे फ्लास्क ब्लीचमध्ये ओततात. ओतू नका. याच ताणात वळलेले परजीवी त्या कचऱ्यात असतात आणि पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान दुसऱ्या अवस्थेतले गॅमेटोसाइट ओळखू येऊ लागतात. पाचवी अवस्था चौदाव्या दिवसाच्या आसपास. रविवार म्हणून मीडियम बदलायचे राहिले, तर त्याची किंमत पुढच्या आठवड्यात दिसते.

एकाच वयाचे गॅमेटोसाइट हवे असतील तर अलैंगिक परजीवी मारावे लागतात. त्यासाठी एन-ॲसिटिल ग्लुकोसामिन ५० मिलिमोलर वापरतात. २.२ ग्रॅम १० मिलिलिटर मीडियममध्ये विरघळवले की १ मोलरचे द्रावण होते. १० मिलिलिटर कल्चरला त्यातले अर्धा मिलिलिटर. रोज मीडियम बदलताना नवीन मीडियमला त्याच प्रमाणात घाला, चार-पाच दिवस. औषधांच्या चाचणीला हे हवेच, साध्या निरीक्षणाला गरज नाही.

आता तुमची दुसरी तक्रार, मधेच मरण्याची. बियाणे, सिरम, रक्त ठीक असेल तर थंडीचा संशय घ्या. नागपूरच्या डिसेंबरात सेफ्टी कॅबिनेटचा पत्रा हाताला गार लागतो. त्यावर फ्लास्क ठेवून दहा मिनिटे काम केले की तळाचा पातळ थर थंड होतो, आणि पेशी नेमक्या तळाशीच असतात. कोवळे गॅमेटोसाइट त्याने आजारी पडतात. पाचव्या अवस्थेतले नर तर डास चावल्याचा संकेत समजून फ्लास्कमध्येच कामाला लागतात आणि वाया जातात. मीडियम, पिपेटची टोके, सगळे ३७ अंशांवर आणून घ्या, फ्लास्क तापवलेल्या प्लेटवरच ठेवा, एका वेळी एकच फ्लास्क बाहेर काढा. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघा. रात्री वीज गेली आणि सकाळी यायच्या आत परत आली तर कुणाला कळतही नाही, म्हणून आत किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा.

काचपट्टी एक दिवसाआड पुरे. गरम टोकाने तळातून पाच मायक्रोलिटर घ्या, १० टक्के गिम्सा १५ मिनिटे, पाणी ७.२ पीएचचे. पाचव्या अवस्थेत मादी निळी, रंगद्रव्याचे कण मधे गोळा झालेले. नर गुलाबीसर, कण विखुरलेले. एका नरामागे तीन ते पाच माद्या दिसल्या तर प्रमाण ठीक आहे.

प्रश्न : आमच्याकडे सिकलसेलचे एएस (वाहक) लोक पुष्कळ. दाता म्हणून त्यांचे रक्त कल्चरला घेतले तर? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, धानोरा)

उत्तर : घेऊ नका. विदर्भात दाता निवडताना ही तपासणी पहिली असावी. एएस माणूस निरोगी असतो, त्याचे हिमोग्लोबिनही ठीक येते, त्यामुळे नुसत्या गट आणि एचआयव्ही, हिपॅटायटिसच्या तपासणीत तो सुटून जातो. पण परजीवी शिरलेल्या एएस पेशी कमी ऑक्सिजनमध्ये वाकड्या होतात आणि आतली वाढ खुंटते. १९७८ मध्ये हे कल्चरमध्येच दाखवले गेले. आपले गॅस मिश्रण ५ टक्के ऑक्सिजनचे, म्हणजे नेमके त्रासाचे. तेच रक्त मेणबत्तीच्या बरणीत (आत मेणबत्ती जाळून ऑक्सिजन कमी केलेल्या) ठेवले तर तिथे ऑक्सिजन १५ टक्क्यांच्या पुढे असल्यामुळे परजीवी वाढतो, आणि मग लोक गॅसच्या सिलिंडरला दोष देत बसतात. सोल्युबिलिटी चाचणी करा, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. जी-६-पीडी कमी असलेल्याचे आणि थॅलेसेमिया वाहकाचेही रक्त टाळा. दात्याने अलीकडे हिवतापाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन किंवा कोट्रायमॉक्साझोल घेतले होते का, हेही विचारा.

प्रश्न : गॅमेटोसाइट पूर्ण पिकलेले दिसतात, तरी एक्स्फ्लॅजेलेशन (नराच्या शेपट्या बाहेर पडणे) दिसत नाही. हिवाळ्यात दिसायचे, मे महिन्यात बंद. (संशोधक विद्यार्थी, देवरी, जि. गोंदिया)

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर आहे. नराला जागे व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा साधारण ५ अंशांचा उतार लागतो, सोबत पीएच वाढणे आणि डासाच्या पोटातले झँथुरेनिक आम्ल. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत काचपट्टी ३८-४० अंशांवर असते, मग उतार कुठून येणार? खोली २१ ते २५ अंशांवर आणा. १० मायक्रोलिटर कल्चर तितक्याच, पीएच ८ च्या आणि १०० मायक्रोमोलर झँथुरेनिक आम्ल असलेल्या मीडियममध्ये मिसळा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि १५ ते २० मिनिटांनी ४० पट लेन्सखाली बघा. नराचा डीएनए एवढ्या वेळात तीनदा दुप्पट होऊन आठ शेपट्या बाहेर पडतात. त्या बारीक असल्याने आधी दिसत नाहीत. शांत पडलेल्या तांबड्या पेशींच्या मैदानात एका जागी पाच-सहा पेशींचा घोळका थरथरताना, धक्के खाताना दिसतो, तिथे फोकस लावा. लॅव्हेराँला १८८० मध्ये अल्जेरियात परजीवीचा शोध लागला तो याच हालचालीवरून.

शून्य दिवसापासून मोजून चौदाव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान रोज बघा. नंतर गॅमेटोसाइट दिसतात, पण नर थकलेले असतात.

प्रश्न : मेळघाटात पीव्हीही (व्हायव्हॅक्स हिवताप) आहे. त्याचे गॅमेटोसाइट का वाढवत नाहीत? (वाचक, धारणी)

उत्तर : पीव्हीला नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, लागतात. रक्तात त्या एक-दोन टक्केच असतात आणि फ्लास्कमध्ये दिवसाभरात जुन्या होतात. फाल्सिपेरमचे अखंड कल्चर १९७६ मध्ये ट्रेगर आणि जेन्सन यांनी जमवले आणि त्याचे गॅमेटोसाइट फ्लास्कमध्ये पूर्ण पिकवण्याचे काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. पीव्हीचे तसे अखंड कल्चर जमलेले नाही, रुग्णाच्या ताज्या रक्तावरच काम करावे लागते. शिवाय पीव्हीचे गॅमेटोसाइट दोनेक दिवसांत पिकतात आणि पहिल्या तापाबरोबरच रक्तात असतात. रुग्ण केंद्रात पोचेपर्यंत त्याच्याकडून डासाला लागण होऊन गेलेली असू शकते, म्हणून पीव्हीमध्ये ताप आल्या दिवशी तपासणीला फार महत्त्व आहे.

प्रश्न : असे कल्चर आमच्या महाविद्यालयात करता येईल का? निदान मुलांना गॅमेटोसाइट दाखवता येतील का? (प्राध्यापक, सालेकसा)

उत्तर : जिवंत कल्चर नको. फाल्सिपेरमला जैवसुरक्षेची दुसरी पातळी, मानवी रक्तासाठी नैतिक समितीची परवानगी आणि कायम जबाबदार माणूस लागतो. हवेतून लागण होत नाही, पण सुई किंवा फुटलेली काच बोटात गेली तर होऊ शकते. टाकाऊ कल्चर ब्लीचमध्ये किमान अर्धा तास ठेवून मग ऑटोक्लेव्ह करावे लागते.

दाखवणे मात्र सहज जमेल. स्थिर केलेल्या, रंगवलेल्या काचपट्टीत जिवंत काही नसते. जिल्हा हिवताप कार्यालयाला महाविद्यालयाच्या पत्राने प्रशिक्षणाची पीएफ काचपट्टी मागा आणि त्यावर ‘गॅमेटोसाइट’ अशी नोंद असलेलीच हवी असे स्पष्ट लिहा, नाहीतर नुसत्या रिंगची मिळेल. सूक्ष्मदर्शकाला १०० पट ऑइल लेन्स हवी. पातळ थरात बघा; जाड थरात आकार मोडतो. काचपट्टीवर गॅमेटोसाइट मोजकेच असतात, तेव्हा तास सुरू व्हायच्या आधी एक शोधून स्टेजवरचे आकडे टिपून ठेवा आणि तेल पुसताना लेन्सचाच कागद वापरा.